मास्तरीणबाईंचा टप

लोक चेहरे लक्षात ठेवतात, नालबंद पाय लक्षात ठेवायचा. पस्तीस वर्षं वाकून घोड्यांना नाल ठोकले, त्यामुळे त्याचं जग गुडघ्यापाशी संपत होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती. बँकेतला कारकून रस्त्यात हाक मारून गेला, तर हा दोन पावलं पुढे जाऊन थांबायचा, वळून त्याच्या बुटांकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "अरे, तुम्ही होय! डावी टाच पुन्हा झिजली की हो तुमची."

लग्न ठरत होतं तेव्हा आईने त्याला विचारलं, "काय रे, मुलगी दिसायला कशी आहे?" तर हा पठ्ठ्या म्हणाला, "चालते छान. डाव्या पायावर जरा जास्त भार देते, पण त्याने काही बिघडत नाही." आईने कपाळावर हात मारून घेतला. पुढे सासूनेच ही गोष्ट सुनेला सांगितली, आणि सुनेने ती तेहतीस वर्षं जपून ठेवली. पाहुणे आले की ती गोष्ट बाहेर निघते. "माझे डोळे कुठल्या रंगाचे आहेत, ते जरा विचारा यांना," असं ती शेवटी म्हणते. पाहुणे विचारतात. नालबंद चहाच्या कपात बघत बसतो.

बायको ताडपत्र्या शिवणारी. घराच्या मागच्या लांबट खोलीत तिचं टेबल, जाड सुईचं मशीन, दाभणं, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि पितळी कड्यांचे डबे. ट्रकचे टप, दुकानांपुढची छपरं, बाजारातले तंबू, सगळं तिच्या हातचं. त्यामुळे तिची नजर कायम वर. दोघं रस्त्याने निघाली की ती छपरं बघत चालणार आणि तो पाय बघत. मधल्या उंचीवर जे काही असेल त्याला दोघंही धडकतात. सायकलला एकदा, टपालपेटीला दोनदा.

तर अशा या माणसाने सेकंडहँड ट्रेलर घ्यायचं ठरवलं, घोडा न्यायचा ट्रेलर. आणि ते एका घोडीपायी.

गावाबाहेर घोडेस्वारी शिकवण्याची एक शाळा होती. तिथे एक तपकिरी घोडी होती, वय तेवीस. गावातल्या निम्म्या पोरांनी तिच्या पाठीवर पहिला धडा गिरवला होता. पोर नीट बसलं नाही तर ती जागची हलत नसे, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. नालबंदाची मुलगीही तिच्याच हाताखाली, म्हणजे पाठीवर, शिकली. एकोणीस वर्षं नालबंद दर दीड महिन्याने तिच्याकडे जात होता. पायावरून हात खाली नेत "द्या बाई" म्हटलं की ती आपणहून पाय उचलून द्यायची आणि तो वाकून काम करत असताना हनुवटी त्याच्या पाठीवर टेकवून ठेवायची. दुसरा कोणताही घोडा असं करत नसे. त्या हनुवटीचं वजन त्याच्या पाठीला पाठ झालं होतं. हिवाळ्यात त्याला ते फार आवडायचं.

एका सोमवारी शाळेच्या मालकीणबाई त्याला म्हणाल्या, "जागा विकली मी. शनिवारी दुपारी व्यापारी येतोय, सगळे घोडे घेऊन जाणार."

"मास्तरीणबाई पण?"

"सगळे म्हणजे सगळे." त्यांनी आवाज खाली आणला. "या वयाच्या घोडीचं तो काय करणार हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही नेलीत तर ती तुमची. पण शनिवारी दुपारच्या आत न्या."

ठेवायला जागा होती. मुलीच्या सासरी साठ किलोमीटरवर कुरण होतं, शेड होती, आणि फोन केल्यावर मुलगी इतकी ओरडली की नालबंदाने फोन कानापासून लांब धरला. घोडं अडलं ते नेण्यावर. गेल्या तीन वर्षांत मास्तरीणबाई ट्रकमध्ये चढायचं नाव घेत नव्हत्या. अंधाऱ्या ट्रकच्या तोंडाशी नेलं की मागच्या पायांवर उभ्या राहायच्या, आत ढकललं की लाथा. एका ट्रकचं दार त्यांनी मोडलं होतं. वाहतूकवाल्यांनी हात जोडले होते. "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय," असं सगळे म्हणायचे. नालबंदही म्हणायचा.

"आपलाच ट्रेलर घेतो," तो रात्री जेवताना बायकोला म्हणाला. "सावकाश चढवीन. माझं ऐकेल ती."

"घोडं गाडी ओढतं एवढं मला माहीत होतं," बायको म्हणाली. "आता गाडीने घोडं ओढायचं? ओढा. घोडामैदान जवळच आहे."

मंगळवारी आणि बुधवारी मिळून त्याने अकरा ट्रेलर पाहिले. पाहिले म्हणजे काय, ऐकले. आपली छोटी हातोडी घेऊन तो सरळ ट्रेलरच्या पोटाखाली शिरायचा आणि तळाच्या फळ्यांवर ठकठक करत सुटायचा. टाप आतून सडली असेल तर आवाज बद्द येतो, फळीचंही तसंच. घोड्याच्या वजनाखाली सडकी फळी मोडली तर पाय रस्त्यावर, आणि पुढचं बोलायलाच नको. एकाने नवा रंग मारला होता, पण फळ्या बिस्किटासारख्या. एकाचा आख वाकलेला. एकाने आत गाणी लावायची सोय करून दिली होती. "घोड्याला संगीत आवडतं का?" त्याने विचारलं. "तळ आवडतो," नालबंद खालून म्हणाला आणि निघाला.

बारावा ट्रेलर एका दातांच्या डॉक्टरांकडे होता. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण सवय गेली नव्हती. बोलताना ते समोरच्याच्या तोंडात बघायचे. नालबंद त्यांच्या सपातांकडे बघायचा. असं दोघांचं बोलणं झालं.

"तुमची घोडी केवढी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सव्वापाच इंच."

डॉक्टर गोंधळले. "सव्वापाच?"

"टाप हो. रुंदीला. मागची जरा कमी."

"बरं, बरं. नाही, आमच्या नातीची तट्टं लहानखुरी होती, म्हणून म्हटलं. वरचं छत तेवढं तुम्ही बघून—"

पण नालबंद तोवर पोटाखाली गेला होता. ठक. ठक. ठक. एकूण एक फळी खणखणीत. आख सरळ, टायर दोन वर्षांचे, ब्रेक चोख, चढायच्या फळीच्या बिजागऱ्यांना तेलपाणी केलेलं. असा तळ त्याने अकरा ट्रेलरांत पाहिला नव्हता. खाली पडल्यापडल्याच त्याने "घेतला!" म्हणून आरोळी ठोकली. दोन तट्टांच्या मधली आडोशाची फळी काढली की लांबी-रुंदीही पुरत होती, ती त्याने पावलांनी मोजली.

"एका अटीवर किंमत कमी करतो," डॉक्टर म्हणाले. "उजवीकडची खालची दाढ कुणाला तरी दाखवून घ्या. मगापासून बघतोय मी."

बुधवारी संध्याकाळी नालबंद ट्रेलर जोडून थेट घोडेशाळेत गेला. शीळ वाजवत गेला. मालकीणबाई मास्तरीणबाईंना घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ट्रेलरकडे पाहिलं, मग घोडीकडे, मग परत ट्रेलरकडे.

"हिला काय मांडी घालून बसवणार आहात?"

"का?"

"अहो, वर बघा."

नालबंदाने वर बघितलं. मास्तरीणबाईंची पाठच ट्रेलरच्या छताच्या उंचीला पोचत होती; मान आणि डोकं त्याच्याही वर, आकाशात. गावातली सगळ्यात उंच घोडी होती ती. एकोणीस वर्षांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण खालून सगळेच घोडे उंच असतात.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. बायको मशीनवर डोकं टेकवून हसली. मग डोळे पुसून बघते तर नालबंद अजून दारातच उभा, हातोडी हातात धरून, आणि त्याचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"डॉक्टर परत घेतील ट्रेलर," तो म्हणाला, "पण दुसरा कुठून आणू? तळ धड असलेला तेवढा एकच होता. दोन दिवस राहिले गं. तो व्यापारी तिला..." पस्तीस वर्षांत शेकडो घोडे आले नि गेले, पण ही एक जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं.

"तळ चांगला आहे ना?" बायकोने विचारलं.

"दगड आहे."

"मग वरचं माझ्याकडे लागलं. आयुष्यभर मी दुसरं काय करते? छत कापून टाका, कमानी बसवा. टप मी शिवते. उद्या सकाळी तुमच्या बाईंचं माप घेऊ."

इथे एक सांगायला हवं. बायकोला घोड्यांची भीती वाटायची. मुलगी शिकत होती तेव्हाही ती कुंपणाबाहेर उभी राहून डबा द्यायची. पण माप घ्यायचं तर जवळ जायला हवं, आणि दुसऱ्याने घेतलेल्या मापावर ती कधीच कात्री चालवत नसे. गुरुवारी सकाळी ती स्टूल, टेप आणि गंभीर चेहरा घेऊन घोडेशाळेत हजर झाली.

नालबंद नेहमीप्रमाणे खाली वाकून पुढची टाप बघत होता. बायको स्टुलावर चढली, घोडीच्या डाव्या बाजूने. टेपचं टोक तिने कानाकडे नेलं. टोक कानाला लागेपर्यंत घोडी स्वस्थ होती, आणि लागल्याबरोबर अशी दचकली की बायको स्टुलावरून गवताच्या गंजीत. कुणाला लागलं नाही. बायको उठली, कपडे झटकले, आणि ओरडायच्या ऐवजी तिने एक विचित्र गोष्ट केली. घोडीच्या कपाळावरची झुलपं हळूच बाजूला सारून तिने डाव्या डोळ्यापुढे तळहात हलवला. मग उजव्या डोळ्यापुढे.

"अहो, इकडे या."

"काय आहे? टाप उत्तम आहे."

"टाप राहू दे. वर या तुम्ही."

नालबंद उभा राहिला. पाठ सरळ करायला त्याला जरा वेळच लागला. बायकोने झुलपं धरून ठेवली होती. मास्तरीणबाईंचा डावा डोळा दूध सांडल्यासारखा पांढुरका झाला होता.

"हिला इकडून दिसत नाही," बायको म्हणाली.

मालकीणबाई धावत आल्या. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, डावा डोळा तीनेक वर्षांपूर्वीच गेला असणार. उजवा चांगला आहे, पण अंधारात तिला धड काही उमगत नसेल. झुलपांमुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे मास्तरीणबाईंना म्हातारचळ लागला नव्हता, त्या घाबरत होत्या. ट्रकच्या काळ्या तोंडात एका डोळ्याने शिरायचं, तर कुणीही लाथा झाडल्या असत्या.

नालबंदाला लाज वाटली. दर दीड महिन्याने ती हनुवटी पाठीवर टेकत होती, आणि त्याने एकदाही वर बघितलं नव्हतं. उलट दोन वर्षांपूर्वी "म्हातारे, गुण उधळू नकोस" म्हणून तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली होती, तीही डावीकडून. ती थाप त्याला आता आठवत राहिली.

"तोंड पाडून बसू नका," बायको म्हणाली. "कामाला लागा. आणि ऐका, हिरवी ताडपत्री नको. हिला उजेड हवा. पांढरं कापड वापरते."

पांढरं जाड कापड एका बेकरीवाल्याच्या छपरासाठी आणून ठेवलं होतं. त्याला निरोप गेला की आठवडाभर ऊन खा. शेजारच्या वेल्डरने गुरुवारी संध्याकाळी ट्रेलरचं छत डब्याच्या झाकणासारखं कापून काढलं आणि पाइपच्या चार उंच कमानी जोडून दिल्या. शुक्रवारभर मागच्या खोलीत मशीन चालू होतं. नालबंद कड्या ठोकून देत होता. ठोकण्यात त्याचा हात कोण धरणार? पण तो खालच्या कडेच्या कड्या ठोकायचा आणि वरच्या विसरायचा, आणि बायको दाभणाने त्याचं लक्ष वर वळवायची. समोरच्या अंगाला उजवीकडे तिने पारदर्शक प्लास्टिकची खिडकी बसवली, नीट घोडीच्या चांगल्या डोळ्याच्या उंचीवर.

शनिवारी सकाळी दहाला पांढरा टप डोक्यावर घेऊन ट्रेलर घोडेशाळेच्या अंगणात उभा राहिला. आत ऊन झिरपत होतं. तंबूत असतो तसा मऊ उजेड पडला होता. कामाची माणसं आधीच दुसरीकडे लागली होती, त्यामुळे हाताशी होत्या मालकीणबाई आणि बायको. मालकीणबाईंनी चढायची फळी धरली. राहिलं घोडीचं डोकं.

"मी धरू?" बायको म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती.

"उजवीकडून धर. तुला बघू दे तिला."

मास्तरीणबाई फळीपर्यंत आल्या आणि थांबल्या. कान मागे गेले. मागचे पाय थरथरायला लागले. तीन वर्षांचं सगळं त्यांना आठवलं असावं. ओढून काही उपयोग नव्हता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

नालबंद वाकला. पुढच्या उजव्या पायावरून त्याने हात खाली नेला, नेहमीसारखा, आणि नेहमीसारखंच म्हणाला, "द्या बाई."

एकोणीस वर्षांची सवय. घोडीने पाय उचलून दिला. त्याने तो हातात धरला, वीतभर पुढे नेला आणि फळीवर ठेवला.

मग डावीकडे गेला. आधी मोठ्याने म्हणाला, "मी आहे, बाई," मग हात लावला. "द्या." तोही पाय फळीवर आला.

"अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं ऐकलं होतं," बायको पुटपुटली. भीतीने तिचे दात वाजत होते, पण जीभ चालूच होती.

"गाढव कुणाला म्हणतेस? द्या बाई."

असं एकेक पाऊल. मध्ये एकदा घोडी थांबली, सगळं अंग ताठ केलं, आणि मग सवयीप्रमाणे हनुवटी टेकवायला पाठ शोधू लागली. पाठ जवळ नव्हती, म्हणून बायकोच्या खांद्यावर टेकवली.

"अहो," बायको अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ही माझ्यावर रेलली."

नालबंदाने टाप हातात धरूनच मान वर केली. "रेलू दे. म्हणजे तिला बरं वाटतंय." आणि तो क्षणभर तसाच वर बघत राहिला.

सतरा वेळा "द्या बाई" झालं. अठराव्या वेळी म्हणायची गरजच पडली नाही. मास्तरीणबाई आपणहून दोन पावलं पुढे गेल्या आणि खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहिल्या. कान टपाला लागत होते. कापड तेवढं वर उचललं गेलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. फाटकाशी पोचेपर्यंत दुपार झाली होती, आणि व्यापाऱ्याचा ट्रक आत वळत होता. नालबंदाने त्याला वाट दिली, मोठ्या मनाने.

साठ किलोमीटरला अडीच तास लागले. मुलगी कुरणाच्या फाटकाशी उभी होती. घोडी उतरली, मुलीचा हात हुंगला, आणि पाठीवरचं पोर ताठ बसलं आहे का हे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून गवत खायला लागली.

"एकदाचं घोडं गंगेत न्हालं!" बायको म्हणाली आणि मटकन फळीवर बसली. मुलीने पाणी आणून दिलं. थोडी तरतरी आल्यावर बायकोला जुना विषय सुचलाच. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

"मुली, आज तुझ्या बाबांची परीक्षा. सांगा हो, माझे डोळे कुठल्या रंगाचे?"

मुलगी हसायला लागली. हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. बाबा आता कपात बघणार, आणि इथे तर कपही नव्हता.

"घारे," नालबंद म्हणाला. "आणि उजव्यात खालच्या बाजूला एक तपकिरी ठिपका आहे. तिळाएवढा."

बायकोने हात खाली घेतले.

"हे कधी बघितलंत?"

"मगाशी. ती तुझ्या खांद्यावर रेलली तेव्हा वर बघितलं ना. केवढी घाबरली होतीस. तरी हलली नाहीस."

बायको पदराने डोळे टिपत मुलीकडे वळली.

"घ्या," ती म्हणाली. "आता पाहुण्यांना काय सांगू गं मी?"